अंगठी परत न घेणारी शकुंतला

रानजाई (धागाकर्ती)

मराठी रंगभूमी दिनासाठी आमच्या वसाहतीतल्या हौशी मंडळींनी यंदा 'संगीत शाकुंतल'चे पाचवा आणि सातवा असे दोन अंक बसवले. विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होते. सव्वा महिना रोज संध्याकाळी तीच पाने उलटत होते. प्रॉम्प्टरला नाटक प्रेक्षकासारखे पाहता येत नाही. त्याचे सगळे लक्ष कोणत्या वाक्यानंतर कोणते वाक्य येते याकडे असते. कदाचित त्यामुळेच, लहानपणापासून माहीत असलेल्या या गोष्टीतली एक साधी बाब मला आयुष्यात प्रथमच दिसली. त्याबद्दल येथे सविस्तर लिहावेसे वाटते आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. दुष्यंत राजा कण्वांच्या आश्रमात शकुंतलेशी गांधर्वविवाह करतो, आपल्या नावाची अंगठी तिच्या बोटात घालतो आणि राजधानीला परत जातो. त्याच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेला दारी आलेल्या दुर्वासांची हाक ऐकू येत नाही, आणि ते शाप देतात की ज्याचे चिंतन तू करते आहेस, तो तुला विसरेल. तिची सखी प्रियंवदा हिने पाय धरल्यावर उःशाप मिळतो, तो असा की ओळखीचा दागिना दिसताच शाप सरेल. पुढे अंगठी शचीतीर्थात पडते, भर दरबारात राजा गरोदर पत्नीला ओळखत नाही, कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते, राजाला सारे आठवते आणि शेवटी हेमकूट पर्वतावरच्या मारीच ऋषींच्या आश्रमात दोघांची भेट होते.

आजवर माझी समजूत अशी होती की शाप उघड झाला, दुष्यंत निर्दोष ठरला आणि म्हणून शकुंतलेने त्याला क्षमा केली. परंतु संहितेतला क्रम असा नाही. सातव्या अंकात आधी दुष्यंत तिच्या पाया पडतो, मग ती त्याला उठवते, मग अंगठीचे बोलणे होते, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने, दोघे मारीचांसमोर उभे राहिल्यावर शापाची हकिकत कळते. म्हणजे ज्या क्षणी ती "उठावे, आर्यपुत्र" असे म्हणते, त्या क्षणी तिच्या दृष्टीने त्या माणसाने काहीही कारण नसताना तिला चारचौघांत नाकारलेले आहे. तोही पाया पडताना शापाचे नाव घेत नाही, कारण शाप त्यालाही माहीत नाही. माझ्या मनाला त्या वेळी जबरदस्त मोह झाला होता, एवढेच तो म्हणतो आणि दोष आपल्याकडे घेतो. तीही उलट त्याच्यावर ठपका ठेवत नाही. माझेच पूर्वीचे काही कर्म तेव्हा फळाला आले असावे, असे म्हणते.

आमच्या दिग्दर्शकांनी या अंकाचे गद्य संवाद कालिदासाच्या मूळ संस्कृत-प्राकृताशी ताडून पाहिले होते, त्यामुळे दोन जागा मला नीट समजल्या. पहिली जागा अश्रूची. दरबारात तिच्या ओठावर ओघळलेला अश्रू आपण पाहूनही दुर्लक्षिला होता, हे दुष्यंताला आता आठवते, आणि आज तिच्या पापणीला अडकलेला अश्रू तो स्वतःच्या हाताने पुसतो. दुसरी जागा अंगठीची. अश्रू पुसताना तिला त्याच्या बोटातली अंगठी दिसते. हिच्यामुळेच आठवण परत आली, असे तो सांगतो आणि वेलीने ऋतूशी झालेल्या भेटीची खूण म्हणून फूल धारण करावे तशी तू ही पुन्हा घाल, असे सुचवतो. त्यावर ती म्हणते की माझा हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच ही घालावी.

या वाक्याने मी थांबले. तिने नवऱ्याला क्षमा केली आहे, त्याच्याबरोबर ती जाणार आहे, मुलाला बाप मिळाला आहे. तरीही ऐन वेळी दगा दिलेली वस्तू ती पुन्हा आपल्या बोटात घालून घेत नाही. जपण्याची जबाबदारी एकदा तिच्याकडे होती, आता ती त्याने घ्यावी. हे ती रागाने म्हणत नाही, आणि तोही त्यावर रुसत नाही.

आता हे सगळे मला इतके का लागले, ते सांगते. अकरा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने बँकेच्या कामाचे कागद आहेत असे सांगून माझ्या सह्या घेतल्या, आणि ते वडिलांच्या घराचे हक्कसोडपत्र निघाले. घर गेल्याचे दुःख होतेच. त्याहून अधिक दुःख याचे होते की त्याने मागितले असते तर मी हसत सही केली असती. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. मी इतकी वर्षे मनात एकच धरून होते की त्याने आधी कारण सांगावे. वहिनीचा आग्रह होता का, कर्ज झाले होते का, कोणी भरीस घातले का, काहीतरी सांगावे, म्हणजे मला क्षमा करता येईल. थोडक्यात, मी एका दुर्वासाची वाट पाहत होते.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात भाऊबीज आली आणि दादा न कळवता दारात उभा राहिला. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा होता. "मी तुला फसवलं," एवढेच म्हणाला. कारण सांगितले नाही. मी दार पूर्ण उघडले, पाट मांडला आणि ओवाळले. निरांजनाची वात दोनदा विझली, कारण माझा हात स्थिर नव्हता. जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली. आईच्या नावावर राहिलेल्या पाऊण एकराच्या तुकड्यावर आम्हा दोघांची नावे लावण्याचा अर्ज आणि सोबत एक संमतीपत्र त्यात होते. मी फाइल ठेवून घेतली आणि वाचून सांगते म्हटले. त्याचा चेहरा क्षणभर पडला, मग त्याने मान डोलावली.

मला विचारायचे आहे ते असे. क्षमा केली म्हणजे पूर्वीचा विश्वासही त्याच हाताने परत द्यायचा असतो, असे आपल्याकडे मानले जाते. शकुंतलेने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या असे मला वाटते. आपल्याला काय वाटते? संगीत नाटकांतले असे दुसरे प्रसंग आठवत असतील तर तेही लिहावेत.

पिंपळपान

लेख मनापासून लिहिला आहे, म्हणूनच माझी हरकतही मनापासून मांडते. मी कौटुंबिक वादांत समुपदेशनाचे काम करते. माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांना घरातले, शेजारचे, कधी त्यांची आईसुद्धा सांगत असते की मोठ्या मनाने सोडून दे. त्यामुळे शकुंतलेच्या क्षमेचा गौरव होऊ लागला की मी सावध होते.

मुळात दुर्वासांचा शाप ही कालिदासाची भर आहे. महाभारताच्या आदिपर्वात शाप नाही आणि अंगठीही नाही. तेथे शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, राजाला सर्व आठवत असते आणि तरीही तो तिला नाकारतो. ती सत्याविषयी इतके लांब आणि इतके करारी भाषण करते की ते वाचताना आजही मान ताठ होते. मग आकाशवाणी होते, तेव्हा राजा म्हणतो की मला माहीत होते, पण लोकांना संशय आला असता म्हणून तसे वागलो. आणि त्यानंतर तो तिलाच सांगतो की रागाच्या भरात तू मला जे अप्रिय बोललीस, त्याची मी तुला क्षमा केली आहे. अपराध त्याचा आणि क्षमाही त्यानेच द्यायची. असे नवरे मी दर आठवड्याला पाहते.

कालिदासाने शाप आणून राजाला वाचवले, हे खरे आहे. पण तो मोठा कवी असल्यामुळे त्याने राजाला पुरते वाचवलेले नाही. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला पडद्याआडून राणी हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. आंब्याच्या मोहोराला एकदा भेटून कमळात रमलेल्या भुंग्याला उद्देशून ती गाते, आणि हिच्यावर आपण एकदाच प्रेम केले होते, असे राजा स्वतःच्या तोंडाने सांगतो. तिला विसरायला त्याला कोणाचा शाप लागला नव्हता. दुसऱ्या अंकात तो विदूषकाला सांगतो की आश्रमकन्येचे बोलणे ही सारी थट्टा होती, खरे धरू नकोस. सहाव्या अंकात राजा मला आठवण का दिली नाहीस असे विचारतो, तेव्हा विदूषक त्याला त्याच वाक्याची आठवण देतो. म्हणजे विसरण्याची अर्धी तयारी शापाच्या आधीच झाली होती.

माझ्या खोलीत 'दारूच्या भरात हात उठला' हे वाक्य दुर्वासांच्या शापासारखे वापरले जाते. त्यामुळे मला 'एकच प्याला'तली सिंधू आठवल्याशिवाय राहत नाही. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले आणि फाटक्या लुगड्यातली बालगंधर्वांची सिंधू पाहून लोक हुंदके देत. सिंधू सगळे क्षमा करते. घर जाते, मूल जाते, अखेर तीही जाते, आणि नवरा काही त्या क्षमेने सावरत नाही. तिच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या कोणत्याही मुलीला मी सिंधूचा दाखला देणार नाही.

रानजाई

पिंपळपान, आपली हरकत मला पूर्ण मान्य आहे आणि हंसपदिकेची जागा आपण दाखवल्याबद्दल आभार. आमच्या पाचव्या अंकात ते गाणे होते, पण मी त्याकडे केवळ सुरुवातीचे गाणे म्हणून पाहत होते.

एक गोष्ट मात्र नम्रपणे सांगते. सातव्या अंकातली शकुंतला सिंधूसारखी नाही, कारण तिने पाचव्या अंकात आपले बोलणे गिळलेले नाही. भर दरबारात ती राजाला 'अनार्य' म्हणते, गवताने झाकलेल्या विहिरीची उपमा देते आणि तू आपल्या मनावरून दुसऱ्याचे मन मोजतोस असे सुनावते. माहेरहून सोबत आलेला शार्ङ्गरव तिला सांगतो की तू शुद्ध असशील तर पतीच्या घरी दासी होऊन राहणेही तुला योग्य आहे. ती तसे राहत नाही. मग ती त्याच्यापासून दूर, स्वतःच्या बळावर मुलगा वाढवते, तो सिंहाच्या छाव्याचे दात मोजण्याइतका मोठा होईपर्यंत. क्षमा करते तेव्हा तिला त्याच्या घराची गरज उरलेली नाही. माझ्या मते सिंधूत आणि तिच्यात हाच फरक आहे. सिंधूला नाही म्हणण्याची जागाच कोणी ठेवलेली नव्हती, आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्या होकाराला क्षमा म्हणावे का, हा प्रश्न आपल्या प्रतिसादामुळे मला पडला आहे.

शिवाय भेटीच्या क्षणी एक फार सुंदर उलटापालट आहे. पश्चात्तापाने राजा इतका उतरला आहे की शकुंतलाच प्रथम त्याला ओळखत नाही. हे आर्यपुत्रांसारखे दिसत नाहीत, असे तिला वाटते. एकेकाळी तिला ओळख पटवावी लागली, आता त्याला पटवावी लागते, आणि राजाला ते कळते. मुलगा आईला विचारतो की हा मला बाळ म्हणणारा कोण, तेव्हा ती 'तुझे वडील' असे सांगत नाही. बाळा, आपल्या नशिबाला विचार, असे म्हणते. तालमीत आमची शकुंतला हे वाक्य पहिले काही दिवस रडून म्हणत असे. दिग्दर्शकांनी तिला रडू नकोस, फक्त मुलाचे केस नीट करत म्हण, असे सांगितले, आणि त्या दिवशी विंगेत मलाच पान दिसेनासे झाले.

तंबोऱ्याची गवसणी

चर्चा नाटकाच्या आशयावर चालली आहे, तरी हे संगीत नाटक असल्यामुळे गाण्याच्या बाजूने थोडे लिहितो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात केला. त्या रात्री फक्त पहिले चार अंक झाले. उरलेले अंक नंतर बसवले गेले. म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचा पहिला प्रेक्षक शकुंतला सासरी निघाली एवढेच पाहून घरी गेला. नाकारणे त्याने पाहिले नाही आणि क्षमाही पाहिली नाही. कण्वाच्या भूमिकेत बाळकोबा नाटेकर होते. सासरी निघालेल्या मुलीचा पदर हरणाचे पाडस ओढते, तो प्रसंग ज्या बापांनी त्या रात्री पाहिला असेल, त्यांच्या मनाची कल्पना करून पाहावी.

किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा अशा घराघरांत म्हटल्या जाणाऱ्या चाली वापरल्या. त्यांत तानेला जागा थोडी आणि शब्दाला जागा मोठी असते. भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला गाजवली आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनीही आरंभ शकुंतलेच्याच भूमिकेने केला. पुढे नाट्यपद लांबत गेले, वन्समोअर येऊ लागले. ते वैभव मला प्रिय आहे, पण क्षमेच्या प्रसंगाला साकी-दिंडीचा साधेपणा शोभतो, असे पेटी वाजवणारा म्हणून मला वाटते. क्षमा मागणारा माणूस सुरेल होऊ लागला की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते.

क्षमेवरून आणखी एक आठवण. खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये भामिनी गरीब म्हणून धैर्यधराचा अपमान करते आणि नंतर वनमाला होऊन त्याच्या छावणीत राहते, तेव्हा तिला तो खरा कळतो. तेथे क्षमा मागण्याआधी अपराध करणारीने वेश उतरवून सेवा केली आहे, शब्द नंतर आले आहेत. याच नाटकाचा ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत संयुक्त प्रयोग झाला, त्यात केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. एकत्र येण्याचा विचार आणखी तीन महिने पुढे ढकलला असता तर तो प्रयोग कधीच झाला नसता.

धागाकर्तीताई, आपल्या प्रयोगात अंगठीच्या वाक्यापाशी पेटी वाजत होती का?

रानजाई

नाही. पाया पडण्यापासून अंगठीच्या वाक्यापर्यंत पेटी आणि तबला दोन्ही बंद ठेवले होते. फक्त मारीचांकडे जाताना पुन्हा सूर धरला.

दूरची होडी

मी गेली चौदा वर्षे आखातात नोकरीला आहे. येथे कोणी अनसूया-प्रियंवदेबद्दल लिहिले नाही, म्हणून लिहितो. शाप त्या दोघींनाच माहीत होता आणि आपली सखी स्वभावाने नाजूक आहे म्हणून त्यांनी तो तिला सांगितला नाही. नवमल्लिकेवर कढत पाणी कोण घालील, असे प्रियंवदा म्हणते. निरोप देताना त्या फक्त एवढे सांगतात की राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव. खरी गोष्ट सांगितली असती तर शकुंतलेने ती अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात उतरण्याआधी पदराच्या गाठीला बांधली असती.

माझे वडील आजारी होते तेव्हा माझ्या दोन बहिणींनी मला कळवले नाही. माझी नोकरी नवी आहे, सुट्टी मिळणार नाही, उगाच जिवाला घोर लागेल, असे त्यांना वाटले. मी पोहोचलो तेव्हा दहावा होता. त्यांच्यावर मी फार रागावलो होतो. सातव्या अंकात शापाचे कळल्यावर शकुंतलेला सख्यांचे ते बोलणे आठवते, आणि ती त्यांना एक शब्दही लावत नाही. अंगठी दाखव असे त्यांनी आपल्याला का सांगितले असावे, एवढेच तिला उमगते. ही ओळ मी काल रात्री पुन्हा वाचली आणि आज धाकटीला फोन केला. वडिलांचा विषय निघाला नाही. तिच्या मुलाच्या दहावीबद्दल बोललो.

पिंपळपान

होडी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवले नाही.

रानजाई, जिला नाही म्हणता येत नाही तिच्या होकाराला क्षमा म्हणावे का, हे आपले वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. शकुंतलेबद्दलचे माझे मत थोडे बदलले आहे, सिंधूबद्दलचे नाही. आता एक सरळ प्रश्न विचारते, खासगी वाटल्यास उत्तर देऊ नये. त्या संमतीपत्राचे काय झाले?

रानजाई

विचारलेत ते बरे झाले. संमतीपत्र अकरा पानांचे होते. मी ते तीन रात्री, शब्दकोश जवळ घेऊन, वाचले. सातव्या पानावर एक वाक्य होते की या मिळकतीच्या पुढील सर्व व्यवहारांचे अधिकार मी माझ्या भावास देत आहे. अकरा वर्षांपूर्वी असते तर मी याच वाक्यावर भांडण उकरून काढले असते, किंवा न बोलता सही करून मनात आणखी एक खिळा ठोकून घेतला असता.

या वेळी दादाला बोलावले आणि त्या वाक्यावर बोट ठेवले. तो म्हणाला की टंकलेखकाने नेहमीचा नमुना छापला असेल. ते खरे असेलही. मी खोलात गेले नाही. "हे वाक्य राहिलं तर मी सही करणार नाही, दादा," एवढे म्हटले. माझा आवाज चढला नाही याचे मला स्वतःलाच समाधान वाटले. त्याने खिशातून पेन काढले, ते वाक्य स्वतः खोडले आणि शेजारी आद्याक्षरे केली. मी म्हटले, खाडाखोड नको, ते पान नवे छापून आण. तो उठला, कोपऱ्यावरच्या दुकानातून पान छापून घेऊन आला. मी सगळी पाने पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. तोवर तो स्वयंपाकघरात जाऊन आईच्या जुन्या गाळणीने चहा गाळत होता, आणि साखरेचा डबा कुठे आहे असे आतून विचारत होता.